नीतिमान ‘होतो’ की ‘ठरतो’? एका मंडळीच्या विश्वासपत्रकाचा अनुवाद करताना

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. (हा शब्द आता जपूनच वापरते. ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ म्हणजे चर्च, आणि चर्च म्हणजे इमारत नव्हे तर माणसं. हे कळायला मला दोन दिवस लागले.)

मी ख्रिस्ती नाही. अनुवाद हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मैत्रीण एका इव्हँजेलिकल मंडळीत जाते, त्यांना आपण काय मानतो याचं दोन पानी पत्रक मराठीत हवं होतं, ते तिने माझ्या गळ्यात मारलं. दहाच कलमं होती, एका दुपारचं काम वाटलं.

कलमं थोडक्यात अशी. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बायबल देवप्रेरित आणि अंतिम प्रमाण. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला, पण पापात पडलेला. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, कुमारीपासून जन्मलेला. तो वधस्तंभावर आमच्या जागी मेला. तिसऱ्या दिवशी सदेह उठला. तारण केवळ कृपेने, केवळ विश्वासाने. पवित्र आत्मा नवा जन्म देतो. मंडळीने बाप्तिस्मा द्यावा, प्रभुभोजन पाळावं, जगाला सुवार्ता सांगावी. येशू परत येईल आणि सर्वांचा न्याय होईल.

मसुदा परत आला तेव्हा बाकी नऊ कलमांना पेन्सिलीच्या खुणा आणि सातव्याला लाल शाई. मी लिहिलं होतं, ‘विश्वास ठेवणारा नीतिमान होतो.’ तिथल्या एका वडिलांनी (हे वय नाही, पद आहे) ‘होतो’ खोडून ‘ठरतो’ केलं आणि समासात लिहिलं, ‘सगळं यावर आहे.’

एका क्रियापदावर सगळं कसं काय असेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जीर्णपोथी

वडिलांनी बरोबर खोडलंय. त्या एका क्रियापदावर युरोप दुभंगला होता.

बायबलच्या नव्या करारात पौल या पहिल्या शतकातल्या प्रेषिताची पत्रं आहेत, त्यांत यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो न्यायालयातला. न्यायाधीश निकाल देतो, ‘हा निर्दोष.’ निकालाने आरोपीच्या स्वभावात काही बदल होत नाही, त्याची कायद्यापुढची स्थिती बदलते. लॅटिनमध्ये मात्र त्यासाठी जो शब्द रूढ झाला त्याची फोड ‘नीतिमान करणे’ अशी होते. ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्मपंडितापासून पुढे हजारेक वर्षं पश्चिमेकडच्या चर्चने तो तसाच वाचला. देव माणसात कृपा ओततो आणि हळूहळू त्याला नीतिमान करत नेतो.

मार्टिन लूथर, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली तो जर्मन साधू, मूळ ग्रीकपाशी गेला. १५१७ चे ते ९५ मुद्दे सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांचा विषय मुख्यतः पापदंडमाफीच्या पत्रांची विक्री हा होता. त्याच्या शिकवणीचा गाभा पुढच्या काही वर्षांत पक्का झाला. माणूस नीतिमान ‘ठरतो’, तेही येशूच्या नीतिमत्त्वामुळे, आणि ठरतो त्या क्षणीही तो स्वतः पापीच असतो. एकाच वेळी दोन्ही. तुमचा ‘होतो’ म्हणजे नकळत लूथरच्या आधीचा युरोप.

रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचा. अब्राहामाचा विश्वास त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व म्हणून ‘गणला’ गेला, असं मराठी बायबलमध्येच आहे. गणणं, ठरणं, सगळी हिशेबाची आणि कचेरीची क्रियापदं.

गुलाबमाळ

मी कॅथलिक. जीर्णपोथींचा प्रतिसाद चांगला आहे, पण आमची बाजू अर्धीच आली.

प्रॉटेस्टंटांना उत्तर म्हणून भरलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ मध्ये याच विषयावर जो ठराव केला त्यात म्हटलंय की नीतिमान ठरणं म्हणजे नुसती पापक्षमा नाही, आतल्या माणसाचं पवित्र होणं आणि नवं होणंही त्यातच आलं. म्हणजे आम्ही ठरणं आणि होणं वेगळं काढत नाही. पण त्याच ठरावात हेही आहे की सुरुवात कृपेनेच होते आणि त्याआधीच्या कुठल्याही कर्माने माणूस ते कमावू शकत नाही. ‘कॅथलिक लोक पुण्य साठवून स्वर्गाचं तिकीट काढतात’ हे चित्र निदान आमच्या कागदांवरून तरी निघत नाही. प्रत्यक्षात लोक काय करतात ते सोडा, लोक सगळीकडे सारखेच.

आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन जागतिक महासंघ आणि व्हॅटिकन यांनी याच मुद्द्यावर एक संयुक्त घोषणापत्र सही केलं. २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात आले. भांडण संपलं असं नाही, पण एकमेकांना शाप देण्याची पाळी आता राहिली नाही.

शब्दवेडी

दोघांचेही आभार. कचेरीची क्रियापदं हे डोक्यात बसलं.

या पत्रकातला प्रत्येक शब्द मराठीत दुसरीकडेच पळतो हो. ‘तारण’ म्हटलं की मला कर्जासाठी गहाण ठेवलेले दागिने दिसतात. येशूने आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून दिला हे बायबलमध्ये वाचून तर मी दचकलेच. आजच्या मराठीत खंडणी गुंड मागतात.

पाळकाचा_मुलगा

शब्दवेडी ताई, गंमत म्हणजे दोन्ही शब्द तितकेसे चुकलेले नाहीत. सोडवणूक ही कल्पना मुळात गहाणवटीची आणि गुलामांच्या बाजारातलीच. किंमत भरली, माणूस सुटला. ‘तारण’ ऐकून तुम्हाला दागिने दिसत असतील तर पहिल्या शतकातल्या वाचकालाही असंच काहीसं दिसत असणार.

जास्त जपायचे शब्द दुसरे आहेत. आठव्या कलमात ‘पुनर्जन्म’ लिहू नका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा धर्मपुढारी नेमका हाच घोळ घालतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार, असं विचारतो. ‘नवा जन्म’ म्हणा. पहिल्या कलमात ‘त्रिमूर्ती’ नको, त्याने तीन देव उभे राहतात. ‘त्रैक्य’ हा रुळलेला शब्द आहे. तीन व्यक्ती, एकच तत्त्व. आणि नवव्या कलमात बाप्तिस्म्याला ‘संस्कार’ म्हणायचं का ‘विधी’, ते त्यांना आधी विचारा. बऱ्याच मंडळ्यांना, बॅप्टिस्टांना तर विशेष, ‘संस्कार’ चालत नाही. पाण्यात स्वतःची काही शक्ती आहे असं त्यातून वाटतं, म्हणून. येशूने सांगितलं म्हणून पाळायचे ते दोन विधी, एवढंच.

शब्दवेडी

‘संस्कार’च लिहिलं होतं :( बदलते.

तर्कटराव

भाषेचा काथ्याकूट छान चाललाय, पण मूळ प्रश्न कुणी विचारणार आहे का?

न्यायाधीशाने गुन्हेगाराला, तो गुन्हेगार आहे हे ठाऊक असताना, निर्दोष ठरवलं तर त्याला आपण अन्याय म्हणतो. वर त्याच्या जागी भलत्याच निरपराध माणसाला सुळावर चढवलं तर तो दुप्पट अन्याय. पाचवं कलम आणि सातवं कलम मिळून नेमकं हेच सांगतात. दंड दुसऱ्याच्या खात्यावरून भरता येतो, दोष कसा वळवणार?

जीर्णपोथी

तर्कटराव, तुम्ही चांगल्या पंगतीत आहात. सोळाव्या शतकात फाउस्टो सोझिनी या इटालियन विचारवंताने हाच आक्षेप जवळपास याच शब्दांत घेतला होता. कर्ज दुसरा फेडू शकतो, अपराध नाही.

आता पुढचं बघा. सोझिनी त्रैक्यही मानत नव्हता. येशू देव नाही, थोर मनुष्य आहे, असं त्याचं मत. एकदा ते धरलं की तुमचा आक्षेप बिनतोड आहे. न्यायाधीशाने तिसऱ्याच कुणाला पकडून मारलं.

पाळकाचा_मुलगा

अगदी. म्हणूनच ही दहा कलमं किराणा यादीसारखी वाचता येत नाहीत. वधस्तंभावर कोण आहे? चौथं कलम म्हणतं, देवच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच, आणि निकाल देणाराही तोच, दंड स्वतःवर घेतोय. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतः जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं येणं आहे त्याने तोटा सोसला तर त्याला आपण अन्याय म्हणत नाही, माफी म्हणतो. आणि माफीत तोटा कुणीतरी सोसतोच, तो हवेत विरत नाही.

म्हणून पहिलं कलम काढलंत की पाचवं अघोरी होतं. आणि सहावं काढलंत, येशू उठलाच नाही म्हटलंत, तर सगळंच फुकट. हे मी नाही, पौलच पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात म्हणतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास निष्फळ आणि आम्ही सगळ्यांत दयनीय माणसं. स्वतःच्या धर्माला हरवायची एवढी सोपी जागा कुणी हातात देत नाही.

हे सगळं पटलं तर तुम्ही विश्वासी झालात. पण न पटणाऱ्यानेही आक्षेप पूर्ण इमारतीवर घ्यावा, एका विटेवर नको.

तर्कटराव

इमारत सुसंगत आहे हे मान्य. सुसंगत म्हणजे खरी असं नाही, हे तुम्हीही मान्य कराल. दुसरं कलम घ्या. अशा पत्रकांत बायबलबद्दल सहसा लिहिलेलं असतं, ‘मूळ लिखाणात अचूक.’ मूळ लिखाण आहे कुठे?

जीर्णपोथी

कुठेच नाही. एकाही पुस्तकाची लेखकाच्या हातची प्रत उरलेली नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांत फरक आहेत. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वात जुन्या प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट योहानात आहे, तिचीही तीच कथा. इव्हँजेलिकल लोक हे लपवत नाहीत, त्यांच्या बायबलांतच तळटिपा असतात.

‘अचूक’ या शब्दावर त्यांच्यातही एकमत नाही. बायबलच्या अचूकतेवर इव्हँजेलिकल विद्वानांनी काढलेल्या १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यात १९ कलमं आहेत आणि दहावं म्हणतं की देवप्रेरणा काटेकोरपणे मूळ लिखाणालाच लागू. त्याआधी चार वर्षं, १९७४ मध्ये, जगभरच्या इव्हँजेलिकलांचा लोझानचा करारनामा झाला. त्याचा मसुदा मुख्यतः जॉन स्टॉट या इंग्लिश अँग्लिकन पाळकांचा. तिथे शब्द आहेत, बायबल ‘जे जे प्रतिपादन करतं त्यात’ चूक नाही. मग बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय सहा दिवसांचं वेळापत्रक प्रतिपादन करतो की आणखी काही, यावर दोन्ही बाजूंचे लोक त्याच वाक्याखाली सही करू शकतात. मसुदा लिहिणं ही कला आहे बरं का.

शब्दवेडी, तुमच्या मूळ पत्रकात नेमकं काय आहे ते बघा. ‘अचूक’ आणि ‘विश्वसनीय’ यांत एका घराचे दोन वाटे होतात.

शब्दवेडी

पाहिलं. मूळात ‘विश्वास आणि आचरण यांसाठी अचूक मार्गदर्शक’ असं काहीसं आहे. मी सरसकट ‘अचूक ग्रंथ’ करून टाकलं होतं. बाप रे.

गुलाबमाळ

अवांतर: ग्रंथ किती पुस्तकांचा हेही लिहायला सांगा. त्यांची ६६, आमची ७३.

वाचनमात्र

‘इव्हँजेलिकल’ म्हणजे नक्की कोण पण? बॅप्टिस्ट वेगळे, मेथॉडिस्ट वेगळे, पेंटेकॉस्टल वेगळे... हा पंथ आहे का?

जीर्णपोथी

पंथ नाही, अनेक पंथांतून वाहणारा प्रवाह. शब्द ग्रीक ‘सुवार्ते’वरून आलेला. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आजही बहुतेक जण वापरतात. बायबलवर भर, वधस्तंभावर भर, मनपरिवर्तनावर भर, आणि कृतीवर भर. अँग्लिकनांतही इव्हँजेलिकल असतात आणि ते बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट देत नाहीत. स्वतः विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा, हा हट्ट धरणाऱ्या फेलिक्स मान्झला १५२७ च्या जानेवारीत झुरिकमध्ये नदीत बुडवून मारलं. मारणारेही सुधारणावादी प्रॉटेस्टंटच. आज त्या दोन्ही मतांचे लोक एका व्यासपीठावर बसतात.

१८४६ मध्ये लंडनला इव्हँजेलिकल अलायन्स स्थापन झाली ती याच पायावर. गाभा एक, बाकीचं ज्याचं त्याला.

पाळकाचा_मुलगा

त्या चार खुणांतली तिसरी, मनपरिवर्तन, तिच्याबद्दल थोडं स्वतःचं.

मेथॉडिस्ट पंथाचा जनक जॉन वेस्ली याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. माणूस दहा वर्षं दीक्षित धर्मगुरू होता. परदेशात मिशनकार्य करून हात हलवत परतला होता. २४ मे १७३८ ला संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत तो अनिच्छेनेच गेला. तिथे कुणीतरी रोमकरांस पत्रावरची लूथरची प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास त्याच्या हृदयात विलक्षण ऊब दाटली आणि ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापं काढून घेतली अशी खात्री पटली. वेळेसकट रोजनिशीत नोंद आहे.

आता होतं काय, की हा साचा होऊन बसतो. मी पाळकाच्या घरात जन्मलो, देवावर विश्वास नव्हता असा दिवस मला आठवतच नाही. पंधराव्या वर्षी एका शिबिरात सगळ्यांना गोल बसवून ‘तारणाची तारीख’ विचारली. माझ्या आधीच्या मुलाने दारूच्या व्यसनातून सुटल्याची साक्ष दिली. माझ्याकडे काहीच नव्हतं. मी वाढदिवसाची तारीख सांगून मोकळा झालो. सगळे ‘हालेलूया’ म्हणाले. त्या खोट्या तारखेबद्दल पुढे कित्येक रात्री मला झोप लागली नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, तू जिवंत आहेस हे तुला जन्मदाखला बघून कळतं का?

तर्कटराव

बाबा आवडले.

पण चौथी खूण, कृती. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स इव्हँजेलिकल होता, १८०७ ला ब्रिटिशांचा गुलामांचा व्यापार बंद झाला त्यात त्याचा मोठा वाटा, हे मान्य. मग वेस्लीचा मित्र, तो गाजलेला प्रवचनकार जॉर्ज व्हिटफील्ड? त्याने स्वतः गुलाम बाळगले आणि जॉर्जियात गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून प्रयत्न केले. अमेरिकेतलं सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ ला वेगळं निघालं तेच गुलामगिरीच्या वादातून, आणि माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं. नीतिमान ‘ठरून’ बसलं की ‘होण्याची’ घाई कुणाला राहते?

गुलाबमाळ

+१. ट्रेंटची भीती हीच होती. शिवाय ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त एकदा जोडीने येतात. याकोबाच्या पत्रात, २:२४. आणि तिथे लिहिलंय की केवळ विश्वासाने *नव्हे*.

पाळकाचा_मुलगा

तर्कटरावांच्या यादीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्यासारखं दाखवणारही नाही. तीच दहा कलमं मानणारी माणसं साखळीच्या दोन्ही टोकांना होती.

याकोबाबद्दल मात्र बोलतो. याकोब भांडतोय तो कोरड्या मान्यतेशी. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो म्हणतो. इव्हँजेलिकल शिकवण मान्यतेला विश्वास म्हणतच नाही. विश्वास म्हणजे अंग टाकणं. खुर्ची मजबूत आहे हे मानणं वेगळं आणि तिच्यावर बसणं वेगळं. आणि बसलेल्या माणसात बदल दिसायलाच हवा, त्याला ते ‘पवित्रीकरण’ म्हणतात, आयुष्यभराचं काम. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय लोक आठव्या-नवव्या ओवीपर्यंत वाचतात: कृपेने तारण, कर्मांनी नाही, कुणी बढाई मारू नये. दहावी ओवी लगेच म्हणते, सत्कृत्यांसाठीच आपण घडवलेले आहोत. क्रम महत्त्वाचा. फळ लागलं म्हणून आंब्याचं झाड आंब्याचं होत नाही.

गुलाबमाळ

फळच न लागणाऱ्या झाडाला मात्र तुम्ही आंबा म्हणताच ना वर्षानुवर्षं :)

पाळकाचा_मुलगा

म्हणतो. त्यावर आमच्यात जुनं भांडण आहे. एकदा मिळालेलं तारण जातं का? कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या सुधारकाचे अनुयायी म्हणतात जात नाही, ज्याचं गेलं त्याला मुळात नव्हतंच. त्याला विरोध करणारे अर्मिनियसवाले म्हणतात माणूस सोडून जाऊ शकतो. १६१८-१९ ला नेदरलँड्समधल्या डॉर्टला त्यावर मोठी परिषद भरली, वाद मिटला नाही. वेस्ली आणि व्हिटफील्ड यातल्याच पूर्वनियोजनाच्या, म्हणजे कुणाचं तारण व्हायचं हे देवाने आधीच ठरवलंय का, या मुद्द्यावर फाटले. तरी १७७० मध्ये व्हिटफील्ड गेला तेव्हा लंडनमधलं श्रद्धांजलीचं प्रवचन वेस्लीनेच केलं, व्हिटफील्डची तशी इच्छा होती म्हणून.

तर्कटराव

शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही त्यांचं काय?

जीर्णपोथी

लोझानचा करारनामा याबाबत स्पष्ट आहे. निसर्गातून प्रत्येकाला देवाची काही ओळख असते, पण तेवढ्याने तारण होत नाही. म्हणूनच सुवार्ता सांगण्याची ती धडपड, ती लोकांना आक्रमक वाटते तेव्हाही तिचं मूळ इथे असतं. घर जळतंय असं खरंच वाटत असेल तर माणूस शेजाऱ्याला उठवतोच. शिक्षेच्या स्वरूपावर मात्र आत मतभेद आहेत. १९८८ मध्ये खुद्द स्टॉट यांनी, अगदी सावधपणे, दुष्टांचा शेवट अनंत यातनांत नव्हे तर विनाशात होत असावा असं मत मांडलं आणि बरेच जवळचे लोक नाराज झाले.

तर्कटराव

म्हणजे उत्तर मला पटणारं नाही, पण तुम्ही गुळमुळीत केलं नाहीत. ठीक. गप्प बसतो.

वाचनमात्र

पॉपकॉर्न संपले. धागा वाचनखूण केला. येशू त्याच्या हजार वर्षांच्या राज्याआधी परत येणार की नंतर, त्यावर कुणी बोललंच नाही?

पाळकाचा_मुलगा

नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि मला बोलावू नका.

शब्दवेडी

सर्वांचे मनापासून आभार. दुसरा मसुदा काल पाठवला. ‘ठरतो’, ‘नवा जन्म’, ‘त्रैक्य’, ‘विधी’, दुसऱ्या कलमाची दुरुस्ती, सगळं केलं. पाठवायच्या आधी सातवं कलम एकदा मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं, ‘विश्वास ठेवणारा नीतिमान ठरतो आणि सत्कृत्ये करतो.’ तिथे अडखळले. ‘आणि’ खोडून ‘म्हणून’ केलं.

आज परत आलंय. सातव्या कलमावर काहीच खूण नाही. नवव्यात ‘प्रभूभोजन’चा भू ऱ्हस्व करून पाठवलाय.